विकतच्या द्राक्षांची रेड ब्लेंड : तोडणीचा दिवस कोणी ठरवायचा?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यात आमची छोटी वायनरी आहे. मी, बायको आणि दोन कामगार. स्वतःची बाग म्हणाल तर एक गुंठाही नाही, सगळा माल विकतचा. लाल वाइनच्या द्राक्षांच्या तीन जाती घेतो : कॅबर्ने सोविन्याँ दिंडोरी तालुक्यातल्या मुरमाड जमिनीतली, शिराझ निफाडकडच्या काळ्या रानातली आणि थोडी मर्लो. तिन्हींच्या वाइन मिसळून आम्ही एकच रेड ब्लेंड करतो. तीन हंगाम झाले. "बाग नसताना वायनरी चालते का?" असं विचारणारे बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय.

चालते. फ्रान्स-कॅलिफोर्नियात असे कितीतरी जण आहेत आणि आपल्याकडच्या मोठ्या वायनरीही बराचसा माल करारावरच्या शेतकऱ्यांकडून घेतात. पण आधी वाटलं होतं की अडचण भावाची असेल. भाव दोन चहांत ठरला. अडलं ते तोडणीच्या दिवसावर.

आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर वेल फुटते, थंडीत मणी वाढतात, जानेवारीच्या आसपास मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागतात. निफाडला तेव्हा पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही. आणि लाल जातींचा माल नेमका पक्व होतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना. युरोपात याच्या उलट. तिथे द्राक्ष पिकत जातं तशी हवा थंड होत जाते, त्यामुळे थांबायला सवड मिळते. आपल्याकडे गोडी भराभर चढते, आंबटपणा भराभर उतरतो, आणि साल नि बी अजून कच्चीच असतात. साल-बी पिकेपर्यंत थांबावं तर आम्ल गेलेलं असतं. मधे जे तीन-चार दिवस सापडतात, त्यांतच माल काढायचा.

आता हा दिवस ठरवणार कोण? मी किलोवर पैसे देत होतो. म्हणजे मी "अजून पाच दिवस थांबा" म्हटलं की मणी थोडे सुकणार, वजन घटणार आणि तो तोटा शेतकऱ्याच्या खिशातून जाणार. वर पाखरं, वर अवकाळीची धास्ती. मला हवं तसं फळ मिळावं म्हणून मी त्यांना न सांगता त्यांचंच नुकसान मागत होतो. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या हंगामात त्याची फळं मिळाली. शिराझची तोडणी मी गुरुवारी पहाटेची सांगितली होती. बुधवारी शेजारच्या निर्यातीच्या बागेतून मजुरांची टोळी लवकर मोकळी झाली. फेब्रुवारीत टोळी मिळणं म्हणजे काय, हे इकडच्यांना सांगायला नको. शेतकरीदादांनी माल काढून घेतला. सकाळी दहाला सुरुवात, गाडी आमच्या दारात दुपारी अडीचला. क्रेट हातात घेतले तर गरम लागत होते. खालच्या क्रेटमध्ये फुटलेल्या मण्यांचा रस साचलेला, त्यावर चिलटं. ती चिलटं नुसती बसत नाहीत, व्हिनेगर करणारे जिवाणू सोबत आणतात. जिवाणूंना आवरायला गंधक टाकलं, निवडून घेतलं, तो लॉट वेगळ्या टाकीत ठेवला. दोन महिन्यांनी टाकीचं झाकण उघडलं की नाकात नेलपॉलिशसारखा झणका यायचा. अडीच हजार लिटर. बायको म्हणाली, "कॅबर्नेत थोडी थोडी मिसळून बघू." एका ग्लासात मिसळून बघितली. दहा टक्क्यांतच कॅबर्नेची चव मेली. रीतसर परवानगी घेऊन सगळी ओतली.

त्या दिवशी मी दादांवर रागावलो होतो. आज तो राग चुकीचा वाटतो. त्यांनी टोळी सोडली असती आणि शुक्रवारी पाऊस आला असता, तर मी त्यांना काय दिलं असतं? करारात एक ओळही नव्हती.

या व्यवहारातल्या कुठल्याही बाजूला असणाऱ्यांनी कृपया लिहा. विशेषतः बागवाल्यांनी.

बागवान_निफाड

लेख वाचला. तू माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस, म्हणून एकेरी लिहितो, राग मानू नको.

२००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूरला वाइन पार्क, सांगलीकडे पलूसला वाइन पार्क. गावोगाव बैठका झाल्या. टेबल द्राक्षाला डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं. जीएचे (मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचे) डिप, विरळणी, मण्याची फुगवण, पेपर लावणं. वाइनच्या द्राक्षाला यातलं काही नको, करार पक्का, भाव पक्का, असं सांगितलं गेलं. मी अडीच एकर थॉम्पसन, म्हणजे बिनबियांची खायची द्राक्षं, काढून कॅबर्ने लावली. पहिली वर्षं बरी गेली, खोटं बोलणार नाही.

मग २००८-०९ आलं. मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस पडली. वायनरीच्या टाक्या आधीच्या वर्षाच्या मालाने भरलेल्या. माझा खरेदीदार फोन उचलेना. माल वेलीवर. फेब्रुवारी गेला, मार्च उजाडला, मणी बोटांनी दाबले तर मनुक्यासारखे. बाजारात नेला तर कोण घेणार? एवढासा मणी, जाड साल, आत बिया. गुरांना किती घालणार? शेवटी आम्ही घरच्यांनीच घड कापून बांधावर टाकले. आठ दिवस साऱ्या शिवारात आंबट वास होता. माझी आई रोज विचारायची, "आज गाडी येणार का रे?"

पुढच्या एप्रिलला खरड छाटणीच्या ऐवजी करवत लावली. माझ्या एकट्याची नाही, तालुक्यात किती बागा गेल्या ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून तुला एकच विचारतो. तोडणीचा दिवस तू ठरव, तुझा धंदा आहे. पण तू माल उचललाच नाहीस, तर काय? हे तुझ्या करारात कुठे लिहिलंय?

तासगावकर

बागवानकाकांच्या एका मुद्द्यावर जोर देतो, कारण शहरातल्या वाचकांच्या तो लक्षात येत नाही. आमच्याकडे थॉम्पसनचा सौदा फिसकटला, व्यापारी पळाला, तरी बेदाण्याचं शेड आहे. माल शेडवर टाकला की निदान खर्च निघतो. कॅबर्ने-शिराझचा बेदाणा कोण खाणार? बिया दातात येतात. या मालाला एकच गिऱ्हाईक असतं, वायनरी. ती 'नको' म्हणाली की माल शून्य किमतीचा. त्यामुळे दोघांची ताकद पहिल्या दिवसापासूनच बरोबरीची नसते.

शनिवारवासी

एक प्राथमिक प्रश्न. ब्लेंड म्हणजे उरलेसुरले लॉट एकत्र करणं, असं माझ्या डोक्यात आहे. चांगली वाइन एकाच जातीची असते ना?

कादवाकाठ

शनिवारवासी, हा समज फार पसरलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. काकांच्या प्रश्नाचं उत्तरही देणार आहे, ते नीट विचार करून रात्री लिहीन.

फ्रान्समधल्या बोर्दोच्या नामांकित लाल वाइन बहुतेक करून ब्लेंडच असतात. कॅबर्ने सोविन्याँ, मर्लो, कॅबर्ने फ्रँक, पेटिट व्हर्डो. तिथे हवामान बेभरवशाचं, एखाद्या वर्षी मर्लो साधते, एखाद्या वर्षी कॅबर्ने, म्हणून शेतकरी एकाच जातीवर भिस्त ठेवत नव्हता. ऑस्ट्रेलियात कॅबर्ने आणि शिराझची जोडी जुनी आहे. आपल्याकडे अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' ही सांजोवेसे आणि कॅबर्नेची ब्लेंड आहे.

आमच्यापुरतं सांगतो. दिंडोरीच्या कॅबर्नेला कणा आहे. टॅनिन म्हणजे तुरटपणा, काळ्या मनुकांसारखी चव, पण मधे पोकळ. घोट घेतला की आधी चव येते, शेवटी चव येते, मधल्या वेळात जीभ रिकामी. माल जरा लवकर निघाला तर तिला हिरव्या ढोबळी मिरचीचा वासही येतो. शिराझ याच्या उलट, मधे भरगच्च, मिरीचा वास, पण शेवट लवकर संपतो. दोघी एकमेकींची जागा भरतात. मर्लो अगदी थोडी, कडा गोल करायला.

करताना शंभर मिलिलिटरचं मोजपात्र घेऊन बसतो. कॅबर्ने-शिराझ-मर्लो या क्रमाने टक्के : साठ-तीस-दहा, सत्तर-वीस-दहा, पन्नास-पन्नास, अशा सहा-सात बाटल्या. ग्लासांच्या तळाला नंबर लिहितो आणि बायको त्यांची जागा बदलते, म्हणजे माझं मन आधीच ठरलेलं नसावं. सकाळी, जेवणाच्या आधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गेल्या हंगामाच्या वेळी मला पहिल्या दिवशी पन्नास-पन्नास आवडली होती. मऊ, लगेच आवडणारी. आठवड्याने त्याच बाटलीतून पुन्हा ओतली तर थकलेली लागली, आणि सत्तर-वीस-दहा उभी राहिली होती. तीच भरली.

उरलंसुरलं एकत्र करून हे होत नाही. वाईट लॉट चांगल्यात घातला की वाईट वाइनच वाढते, हे मी अडीच हजार लिटर ओतून शिकलोय.

रसायनी

कादवाकाठ, छान लिहिताय. मी या क्षेत्रात प्रयोगशाळेत काम करते. ब्लेंड करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवते, कारण त्यांवरून मी लोकांना रडताना पाहिलंय.

एक, मॅलोलॅक्टिक. द्राक्षातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं, जिवाणू त्याचं लॅक्टिक करतात, म्हणजे दह्यातलं. लाल वाइनमध्ये हे बहुधा होऊ देतात. पण तुमची कॅबर्ने यातून पूर्ण गेलीय आणि मर्लो अर्धवट आहे, अशा दोन टाक्या मिसळल्या, तर ते काम बाटलीत पुन्हा सुरू होऊ शकतं. बाटलीत बुडबुडे, गढूळपणा, विचित्र वास. मिसळण्याआधी प्रत्येक टाकीची क्रोमॅटोग्राफी वेगळी करा. कागदावरची साधी चाचणी आहे, खर्चिक नाही. उरलेल्या साखरेचंही तेच.

दोन, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप. आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी. आपल्या मार्चच्या मालाचा पीएच ३.८-३.९ पर्यंत सहज जातो. उन्हात मॅलिक जळतं आणि सालीतून पोटॅशियम रसात उतरतं. वाइन टिकवायला घातलेल्या गंधकाचा (सल्फर डायऑक्साइडचा) सगळा परिणाम पीएचवर अवलंबून असतो. ३.५ ला मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला २५ मिलिग्रॅम पुरत असेल, तर तेवढ्याच संरक्षणासाठी ३.९ ला ६० च्या वर लागतं. म्हणून टार्टारिक आम्ल किण्वनाच्या, म्हणजे रस आंबायला लागण्याच्या आधी, रसातच घाला. ढोबळ हिशोब, लिटरला १ ग्रॅमने पीएच ०.१ उतरतो, पण आधी छोट्या नमुन्यावर करून बघा. आणि दोन वाइनच्या पीएचची सरासरी काढून ब्लेंडचा पीएच मिळत नाही. मिसळा आणि मोजा.

शेतकऱ्यांनाही एक विनंती. भुरी रोगासाठीची शेवटची गंधक फवारणी तोडणीच्या फार जवळ नको. सालीवर राहिलेलं गंधक यीस्ट उचलतं आणि टाकीला सडक्या अंड्याचा वास येतो. फवारणीची वही खरेदीदाराला दाखवा, लपवू नका.

सॅक्रामेंटोकाठ

मी कॅलिफोर्नियात लोडाईजवळ राहते, नवरा आणि मी दरवर्षी दोन-तीन टन झिनफँडेल आणि पेटिट सिरा विकत घेऊन भाड्याच्या वायनरीत वाइन करतो. इथे 'कस्टम क्रश' नावाची सोय असते. टाक्या, प्रेस, लायसन त्यांचं, द्राक्षं आणि निर्णय आपले. नाशिकला अशी सोय मोठ्या प्रमाणावर झाली तर किती जणांना भांडवलाशिवाय सुरुवात करता येईल, असं मला फार वाटतं.

भावाबद्दल : कॅलिफोर्निया सरकार दरवर्षी क्रश रिपोर्ट काढतं. कुठल्या विभागात कुठली जात किती टन गाळली गेली आणि सरासरी काय भाव मिळाला, सगळं उघड. लोडाई अकरा नंबरच्या विभागात येतं. बरेच करार 'गेल्या वर्षीची विभागाची सरासरी' धरून होतात. शेतकरी आणि वायनरी एकाच कागदाकडे बोट दाखवून बोलतात.

तोडणीच्या दिवसाबद्दल : चांगल्या वाइनसाठी इथे काही जण टनावर नाही, एकरावर पैसे देतात. आखलेल्या ओळी वायनरीच्या. माल कमी ठेवा म्हटलं, थांबा म्हटलं, तरी शेतकऱ्याचे पैसे तेवढेच. वजनावरची भांडणं तिथेच संपतात.

पण बागवानकाका, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ नुसती बसले. इथेही तेच चाललंय. २०२० च्या वणव्यांत धूर सालीत मुरला म्हणून कितीतरी माल नाकारला गेला. आणि अलीकडे वाइनची मागणी घटल्यामुळे लोडाईत करार संपलेल्या बागांचा माल वेलीवर राहिला, जुन्या बागा उपटल्या. आमच्या रस्त्यावर एका आजोबांची झिनफँडेलची बाग होती. गेल्या हिवाळ्यात तिथे मुळासकट उपटलेल्या वेलींचे ढीग रचलेले दिसले. माझे वडील पिंपळगावचे. मी गाडी थांबवून त्यांना फोन केला.

कादवाकाठ

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या दोन वर्षांच्या करारात तशी ओळ नव्हती. मला शेतकऱ्याने फसवू नये एवढाच विचार करून मी तो लिहिला होता. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) इतका, कूज इतक्या टक्क्यांपेक्षा कमी, क्रेट स्वच्छ. सगळ्या अटी त्यांच्यावर, माझ्यावर फक्त भाव.

तिसऱ्या वर्षी दिंडोरीच्या दादांच्या ओसरीवर बसून नवा कागद केला. त्यांची मुलगी कृषी पदवीधर आहे, तिने निम्मी कलमं सुचवली.

दीड एकर कॅबर्ने, एकरी ठरलेली रक्कम. हिशोब एकरी चार टनांचा धरला, मग माल साडेतीन टन आला तरी पैसे चारचे. जादा घड मण्यात पाणी उतरायच्या सुमारास दादा काढून टाकणार. पैसे तीन हप्त्यांत : ऑक्टोबर छाटणी झाली की पहिला, पाणी उतरलं की दुसरा, गाडी गेल्यापासून पंधरा दिवसांत तिसरा. म्हणजे मी माल उचलला नाही तरी दोन हप्ते त्यांच्याकडे राहतात, आणि उचलला नाही तर तिसराही द्यायचा असं लिहिलंय. माल टाकून द्यावा लागला तरी.

तोडणीचा दिवस मी ठरवणार, पण पाच दिवस आधी सांगणार. टोळीचा विसार मी देणार, दिवस बदलला तर टोळीचा खाडा माझ्याकडे. मी दिवस ठरवल्यानंतर पावसाने नुकसान झालं तर ते माझं. गारपिटीचं अर्धं-अर्धं. खुडा पहाटे चारला, डोक्याला बॅटरी लावून, नऊच्या आत गाडी रस्त्यावर. क्रेटमध्ये सोळा किलोच्या वर माल नाही, खालचा घड दबतो.

आकडा ऐकून बायको घाबरली होती. खरं सांगतो, मीही. आमच्या एका बाटलीमागे द्राक्षांचा खर्च बराच वाढला. पण त्या हंगामात दादाच मला फोन करून म्हणाले, "दोन दिवस थांब, बी अजून हिरवी आहे." त्याच्या आदल्या वर्षी हेच वाक्य माझं होतं आणि ते गप्प होते.

कॅबर्ने साडेतेवीस ब्रिक्सला निघाली, पीएच ३.६. क्रेटला हात लावला तर गार. सत्तर-वीस-दहातली ती सत्तर टक्के हीच.

तासगावकर

न उचललेल्या मालाचे पूर्ण पैसे! हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. पण एवढी जोखीम छोट्या वायनरीला झेपेल का? एक वाईट वर्ष आलं तर तुम्हीच बुडाल.

कादवाकाठ

बुडू शकतो. म्हणून दीडच एकर. शिराझ अजून किलोवरच घेतोय, तिथे फक्त टोळीचा खाडा आणि पावसाचं कलम घातलंय. जेवढ्या मालाची जबाबदारी पेलते तेवढाच असा घ्यायचा, असं ठरवलंय. मोठ्या वायनरीला जे सहज जमलं असतं ते मी जेमतेम करतोय, हे मान्य.

शनिवारवासी

ब्रिक्सचा नमुना कसा घेता? शेतकरी आणि तुमचा आकडा वेगळा आला तर?

कादवाकाठ

यायचाच. उन्हाच्या बाजूचे चार मणी घेतले की रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखर मोजायचं उपकरण, दीड-दोन ब्रिक्स जास्त दाखवतं, दुपारी घेतलं तर आणखी वेगळं. आम्ही सकाळी, कडेच्या ओळी सोडून, दोनशे मणी घेतो. ओळीच्या दोन्ही बाजू, घडाचा खांदा, मध्य आणि शेपूट, न बघता हात घालून. सगळे एका पिशवीत चुरडायचे, रस गाळायचा, मग मोजायचं. दादा आणि मी एकाच पिशवीतून. बिया तळहातावर काढून चावून बघायच्या. तपकिरी झाली आणि दाताखाली कुडकुडली, तर बी पिकली.

बागवान_निफाड

तुझा कागद दोनदा वाचला. मुलाला वाचून दाखवला.

गारपिटीचं अर्धं-अर्धं तेव्हा कोणी लिहून दिलं असतं तर माझी करवत थांबली असती का, सांगता येत नाही. पण एक सांगतो. बाग काढली तेव्हा विहिरीकडच्या चौदा ओळी राहू दिल्या होत्या. कॅबर्नेच आहे. का ठेवल्या, घरच्यांनी लय वेळा विचारलं. माल घरचे नि पाखरं खातात. छाटणी मात्र दरवर्षी वेळेवर करतो. यंदा मण्यात पाणी उतरलंय. एकरी चार टन निघणार नाही, वेल म्हातारी आहे, मण्याचा आकार बारीक.

भावाचं नंतर बोलू. रविवारी सकाळी सातच्या आत ये, ऊन चढायच्या आधी. पत्ता व्यनित टाकतो. पिशव्या दोन आण, पूर्वेची बाजू वेगळी घेऊ, पश्चिमेची वेगळी. विहिरीकडच्या पहिल्या तीन ओळींना पाणी जास्त मुरतं, त्या नमुन्यात धरायच्या नाहीत.